डेटा सफिशियन्सीमध्ये ‘माहिती पुरेशी आहे’ हे उत्तर वारंवार चुकत असेल, तर काय तपासावे

लक्षणे

डेटा सफिशियन्सीत एक प्रश्न आणि दोन विधाने दिलेली असतात; प्रश्नाचे उत्तर काढायचे नसते, तर ते काढायला पहिले विधान एकटे, दुसरे एकटे, दोन्ही मिळून किंवा प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेसे आहे, की दोन्ही मिळूनही अपुरी आहेत, एवढेच ठरवायचे असते. बीजगणिताची सूत्रे पाठ आहेत, शाळा-महाविद्यालयात गणिताचे गुण चांगले होते, आणि तरीही दर सराव परीक्षेत डेटा सफिशियन्सीचे प्रश्न तेवढे हातचे जातात, ही तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कच्च्या कामाच्या वह्या मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. यात दिसणारी लक्षणे ठरावीक असतात. चुकलेल्या प्रश्नांत विद्यार्थ्याने बहुधा ‘प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे आहे’ किंवा ‘एक विधान एकटेच पुरेसे आहे’ हा पर्याय निवडलेला असतो, आणि बरोबर उत्तर ‘दोन्ही विधाने मिळून पुरेशी’ किंवा ‘दोन्ही मिळूनही अपुरी’ असे असते. स्पष्टीकरण वाचल्यावर मात्र चूक लगेच कळते, आणि ‘अरे, ऋण संख्या घ्यायची राहिलीच’ असे उद्गार निघतात. कच्च्या कामाच्या पानावर २, ३, ५ आणि १० हेच आकडे पुन्हा पुन्हा दिसतात; शून्य, वजा चिन्ह किंवा अपूर्णांक शोधूनही सापडत नाही. कधी कधी एखादे विधान अशक्यच वाटते, कारण हाताशी असलेली कोणतीही संख्या त्यात बसत नाही.

याच दोषाचे एक उलटे रूपही आहे आणि ते थोडा अभ्यास झालेल्यांमध्ये अधिक आढळते. ‘ऋण आणि अपूर्णांक विसरू नका’ हे इतक्यांदा ऐकलेले असते की प्रश्नात ‘पूर्णांक’ असे स्पष्ट लिहिलेले असतानाही विद्यार्थी १/२ ठेवून पाहतो आणि पुरेशी माहिती अपुरी ठरवतो. पहिल्या रूपात परवानगी असलेल्या संख्या वापरल्या जात नाहीत, तर दुसऱ्यात परवानगी नसलेल्या वापरल्या जातात. दोन्हींचे मूळ एकच आहे: कोणत्या प्रकारच्या संख्या तपासायच्या, हे आधी न ठरवता हाताला येईल ती संख्या घेतली जाते.

परीक्षा कोणती, यावर उपाय फारसा बदलत नाही. जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेत नोव्हेंबर २०२३ पासून हा प्रश्नप्रकार गणिताच्या विभागातून डेटा इनसाइट्स या विभागात गेला. तेथे ४५ मिनिटांत २० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटे मिळतात. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेतील सीसॅट पेपरात दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे दीड मिनिटाला एक, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. बँकांच्या परीक्षांतही हा प्रकार येतो. एक फरक मात्र लक्षात ठेवावा: जीमॅटमध्ये पाच पर्यायांचा क्रम कायम असतो, इतर परीक्षांत तो बदलू शकतो, त्यामुळे जीमॅटच्या पुस्तकांवर सराव करून सीसॅटला बसणाऱ्यांनी पर्याय दर वेळी वाचूनच खूण करावी.

पुढील तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे जातात. ज्या पायरीवर दोष सापडेल तेथेच थांबून पंधरा-वीस प्रश्नांचा सराव करावा आणि मगच पुढे जावे. सगळ्या पायऱ्या एका रात्रीत वाचून दुसऱ्या दिवशी परीक्षा देणाऱ्याला यातून काही मिळत नाही.

पहिली तपासणी: जुनी कच्ची पाने

या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळही लागत नाही. अलीकडे चुकलेले दहा-पंधरा प्रश्न घ्या आणि प्रत्येकापुढे चार शेऱ्यांपैकी एक लिहा: ‘प्रकार राहिला’, ‘अट मोडली’, ‘प्रश्नच वेगळा वाचला’, ‘बीजगणित अडले’. पहिला शेरा म्हणजे ज्या प्रकारच्या संख्येने उत्तर बदलले असते ती तपासलीच नाही. दुसरा म्हणजे तपासलेली संख्या प्रश्नाच्या किंवा विधानाच्या अटीत बसत नव्हती. उरलेले दोन स्वयंस्पष्ट आहेत.

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण पुढच्या प्रश्नांचा गठ्ठा वाट पाहत असतो. पण चार शेऱ्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. ज्याच्या पानावर ‘बीजगणित अडले’ हा शेरा निम्म्याहून अधिक वेळा आला आहे, त्याने संख्यांचे प्रकार कितीही घोकले तरी गुण वाढणार नाहीत. त्याने थेट शेवटच्या भागात मदतीबद्दल लिहिले आहे ते वाचावे.

दुसरी तपासणी: परवानगीची ओळ

विधानांकडे पाहण्याआधी मूळ प्रश्नातील चलाबद्दल काय सांगितले आहे, ते कच्च्या कागदावर एका शब्दात लिहा: ‘पूर्णांक’, ‘धन पूर्णांक’, ‘शून्येतर’ किंवा काहीच सांगितले नसेल तर ‘वास्तव’. काहीच न सांगणे हीसुद्धा माहिती आहे. जीमॅटच्या सूचनांतच सर्व संख्या वास्तव आहेत असे म्हटलेले असते. म्हणजे काल्पनिक संख्यांचा विचार नको, पण ऋण, शून्य, अपूर्णांक आणि अपरिमेय या सर्वांना दार उघडे आहे.

ही एक ओळ उत्तर कसे फिरवते ते पाहा. प्रश्न असा आहे: ‘न ही सम पूर्णांक संख्या आहे का? विधान १: ३न ही सम पूर्णांक संख्या आहे. विधान २: न² ही पूर्णांक संख्या आहे.’ पहिल्या विधानावर हात आपोआप २, ४, ६ घेतो, सगळीकडे ‘हो’ येते आणि विद्यार्थी ‘पुरेसे’ म्हणून मोकळा होतो. परंतु न पूर्णांक असल्याचे कोणी सांगितलेले नाही. न = २/३ घेतल्यास ३न = २ ही सम संख्या मिळते, विधान पाळले जाते, आणि न मात्र पूर्णांकच नाही. एकदा ‘हो’, एकदा ‘नाही’, विधान अपुरे. दुसरे विधान न = २ आणि न = ३ यांनीच पडते, आणि न = √२ नेही पडते. आता दोन्ही एकत्र घ्या. ३न पूर्णांक असल्याने न परिमेय आहे, म्हणजे √२ सारख्या संख्या बाद झाल्या. परिमेय संख्येचा वर्ग पूर्णांक असेल तर ती संख्या स्वतः पूर्णांक असावीच लागते, म्हणजे २/३ सारख्या संख्याही बाद झाल्या. आणि पूर्णांक न साठी ३न सम असेल तर न समच असतो. म्हणून दोन्ही मिळून पुरेशी. आता याच प्रश्नाच्या आरंभी ‘न ही पूर्णांक संख्या आहे’ एवढी भर घाला, की पहिले विधान एकटेच पुरेसे होते. विधाने तीच, आकडे तेच, आणि पर्याय वेगळा. हा प्रश्न मी मुद्दाम पुन्हा पुन्हा देतो, कारण त्यात अपूर्णांक आणि अपरिमेय संख्या दोन्ही लागतात आणि केवळ ‘दशांश घेऊन पाहा’ एवढ्या सल्ल्यावर तो सुटत नाही.

परवानगी नेहमी गणिती भाषेत लिहिलेली असेलच असे नाही. माणसे, वह्या, तिकिटे मोजायची असतील तर संख्या पूर्णांक असते आणि ऋण नसते. लांबी, वजन, वेळ या राशी धन असतात पण पूर्णांक असण्याची गरज नसते. उदाहरणार्थ: ‘एका विद्यार्थिनीने २३ रुपयांच्या काही वह्या आणि ९ रुपयांची काही पेने घेतली. तिने किती वह्या घेतल्या? विधान १: एकूण ९ वस्तू घेतल्या. विधान २: एकूण १५१ रुपये दिले.’ दोन अज्ञात राशी म्हणजे दोन समीकरणे हवीत, या शाळेतल्या सवयीने बहुतेक जण ‘दोन्ही मिळून’ असे उत्तर देतात. पण वह्यांची संख्या ० ते ६ याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, कारण सात वह्यांचेच १६१ रुपये होतात. १५१ मधून अनुक्रमे ०, २३, ४६, ६९, ९२, ११५ आणि १३८ वजा केल्यास १५१, १२८, १०५, ८२, ५९, ३६ आणि १३ उरतात, आणि त्यांपैकी ९ ने पूर्ण भाग फक्त ३६ ला जातो. म्हणून वह्या ५ आणि पेने ४, याशिवाय दुसरी शक्यता नाही. दुसरे विधान एकटे पुरेसे आहे. येथे संख्यांचा प्रकार आपल्या बाजूने काम करतो. वस्तू मोजण्याच्या प्रश्नात भाव ओबडधोबड दिसले, म्हणजे २३, २९, ३१ असे, की एकाच समीकरणाकडे संशयाने पाहावे.

तिसरी तपासणी: किंमत विचारली आहे की ‘हो’ किंवा ‘नाही’

‘क्ष किती?’ आणि ‘क्ष ऋण आहे का?’ हे दोन वेगळ्या जातीचे प्रश्न आहेत. पहिल्यात एकच किंमत मिळाली तर माहिती पुरेशी होते. दुसऱ्यात किमती हजार असल्या तरी चालतात, उत्तर एकच असले म्हणजे झाले, आणि ते उत्तर ठाम ‘नाही’ असले तरी माहिती पुरेशीच असते. ‘क्ष ऋण आहे का?’ या प्रश्नाला ‘क्ष चे केवल मूल्य क्ष इतकेच आहे’ हे विधान दिले, तर क्ष शून्य किंवा धन असणार, म्हणजे उत्तर निश्चितपणे ‘नाही’, आणि विधान पुरेसे. ‘नाही’ आले म्हणून ‘अपुरे’ अशी खूण करणारे विद्यार्थी दर तुकडीत असतात, आणि ही चूक दुरुस्त व्हायला एक दिवस पुरतो.

वर्गमूळाचे चिन्हही याच पायरीवर तपासून घ्यावे. क्ष² = ९ यावरून क्ष च्या दोन किमती मिळतात, ३ आणि −३; पण क्ष = √९ यावरून फक्त ३ मिळते, कारण ते चिन्ह ऋण नसलेले वर्गमूळ दर्शवते.

चौथी तपासणी: आधी विधान, मग प्रश्न

संख्या निवडली की ती सर्वप्रथम विधानात ठेवायची. विधान खरे ठरले तरच ती प्रश्नात न्यायची. विधान खोटे ठरले तर ती संख्या काहीही सिद्ध करत नाही, तिच्यावर काट मारून पुढे जायचे. ‘अट मोडली’ हा शेरा ज्यांच्या पानावर जास्त आहे, त्यांची चूक बहुधा येथेच असते: संख्या आधी प्रश्नात ठेवली, हवे तसे उत्तर मिळाले आणि विधान तपासायचे राहून गेले. कागदावर दोन रकाने आखावेत, डावीकडे ‘विधान पाळले?’ आणि उजवीकडे ‘प्रश्नाचे उत्तर’. डावा रकाना भरल्याशिवाय उजवा भरायचा नाही.

दुसरे विधान तपासताना पहिले पूर्णपणे झाकून टाकावे, अगदी हाताने झाकले तरी चालेल. पहिल्या विधानात ‘क्ष धन आहे’ असे वाचलेले असले की दुसऱ्या विधानाच्या वेळीही ऋण संख्या हाताला येत नाहीत, आणि हा प्रकार इतका नकळत घडतो की विद्यार्थ्याला विचारल्यास तो नाकबूल करतो. कच्चे पान मात्र तसे सांगत असते.

आणखी एक गोष्ट याच पायरीत येते. पहिल्या संख्येने ‘हो’ दिले की दुसरी संख्या ‘नाही’ मिळावे म्हणून निवडायची. पहिलीसारखीच दुसरी घेतली, म्हणजे २ नंतर ३ आणि ३ नंतर ४, तर वेळ जातो आणि माहिती वाढत नाही.

पाचवी तपासणी: संख्यारेषेवरील सात जागा

परवानगी ‘वास्तव’ असेल आणि प्रश्न एकाच चलाचा असेल, तर −२, −१, −१/२, ०, १/२, १, २ या सात संख्या कागदाच्या कडेला एकदाच लिहून ठेवाव्यात. यांची निवड मनमानी नाही. क्ष, क्ष² आणि क्ष³ यांचा लहान-मोठेपणाचा क्रम संख्यारेषेवर फक्त −१, ० आणि १ या तीन ठिकाणी बदलतो. क्ष १ पेक्षा मोठा असेल तर क्ष < क्ष² < क्ष³. ० आणि १ यांच्या दरम्यान क्रम नेमका उलटा, क्ष³ < क्ष² < क्ष. −१ आणि ० यांच्या दरम्यान क्ष < क्ष³ < क्ष². आणि −१ पेक्षा लहान असेल तर क्ष³ < क्ष < क्ष². म्हणून चार पट्ट्यांतून एकेक प्रतिनिधी आणि तीन सीमा, एवढ्या सातांत सगळे प्रकार येतात. २ च्या जागी १७ किंवा १००० घेतल्याने काहीच नवे कळत नाही, १/२ घेतल्याने कळते.

याचा उपयोग असा: ‘क्ष² > क्ष आहे का? विधान १: क्ष³ > क्ष. विधान २: क्ष² > क्ष³.’ पहिल्या विधानातून सातही संख्या गाळून पाहिल्या तर फक्त २ आणि −१/२ टिकतात. दोन्हींसाठी क्ष² > क्ष हे खरे आहे. चारही पट्ट्या आणि तिन्ही सीमा तपासून झाल्याने हा निव्वळ अंदाज राहत नाही, सिद्धताच होते. विधान पुरेसे. दुसऱ्या विधानातून १/२, −१/२, −१ आणि −२ टिकतात. १/२ साठी उत्तर ‘नाही’ येते आणि −१/२ साठी ‘हो’. विधान अपुरे. जो विद्यार्थी केवळ धन पूर्णांक घेतो त्याला दुसऱ्या विधानात बसणारी एकही संख्या सापडत नाही आणि छपाईची चूक असावी असे वाटू लागते. विधान अशक्य वाटणे हे लक्षण वर सांगितले ते हेच. ते दिसताच प्रश्नाला दोष न देता आपल्या संख्यांच्या यादीकडे पाहावे.

या सात जागांवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. प्रश्नात किंवा विधानात १ सोडून दुसरी संख्या आली की क्रम बदलण्याची ठिकाणेही बदलतात. ‘क्ष > ५ आहे का?’ या प्रश्नाला क्ष² > ५क्ष हे विधान दिले, तर येथील सीमा ० आणि ५ आहेत, आणि त्यांच्या दोन्ही अंगांच्या संख्या घ्याव्या लागतात. ६ घेतल्यास विधान पाळले जाते आणि उत्तर ‘हो’ येते. −१ घेतल्यासही विधान पाळले जाते, कारण १ ही संख्या −५ पेक्षा मोठी आहे, आणि उत्तर ‘नाही’ येते. विधान अपुरे. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून ‘क्ष > ५’ असे लिहिणारा विद्यार्थी क्ष धन असल्याचे गृहीत धरतो, आणि ते गृहीतक त्याच्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते. चलाने भागण्याआधी त्याचे चिन्ह माहीत आहे का आणि तो शून्य नाही ना, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावावी; क्ष² = ५क्ष अशा समीकरणात हाच भागाकार शून्य हे उत्तर गिळून टाकतो.

सहावी तपासणी: चल दोन असतील तर

येथे सातांच्या जोड्या केल्या तर ४९ होतात आणि तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. म्हणून आधी फक्त चिन्हे बदलावीत: दोन्ही धन, दोन्ही ऋण, एक धन आणि एक ऋण, एक शून्य. त्यानंतर मोठे-लहान अदलाबदल करावेत आणि शेवटी दोन्ही समान घ्यावेत. अक्षरे वेगळी असली म्हणजे संख्या वेगळ्या असतात असे कोणी सांगितलेले नसते. ‘भिन्न’ हा शब्द प्रश्नात नसेल तर क्ष आणि य समान असू शकतात, आणि ही शक्यता ऋण संख्यांपेक्षाही जास्त वेळा विसरली जाते.

‘क्ष > य आहे का? विधान १: क्ष/य > १. विधान २: क्ष + य > ०.’ पहिल्या विधानात (३, २) ही जोडी ‘हो’ देते आणि (−३, −२) ही जोडी ‘नाही’ देते. दुसऱ्यात (३, २) आणि (२, ३) यांनी काम भागते. एकत्र घेताना मात्र नव्या जोड्या शोधत बसू नये. पहिल्या विधानाने दोन्हींचे चिन्ह सारखे असल्याचे सांगितले, दुसऱ्याने ते चिन्ह ऋण नसल्याचे सांगितले, म्हणजे दोन्ही धन आहेत आणि आता य ने निर्धास्तपणे गुणता येते. दोन्ही मिळून पुरेशी. एका विधानासाठी वापरलेली संख्या दुसऱ्यातही बसत असेल तर तीच पुन्हा वापरावी. येथे (३, २) तिन्ही ठिकाणी उपयोगी पडली.

सातवी तपासणी: परवानगी ‘पूर्णांक’ असेल तर

अपूर्णांक बाद झाले म्हणून काम संपत नाही, फक्त यादी बदलते. ० ही सम संख्या आहे आणि ती प्रत्येक पूर्णांकाच्या पटीत असते. १ ही मूळ संख्या नाही. २ ही एकमेव सम मूळ संख्या आहे, आणि मूळ संख्यांवरच्या प्रश्नांत सापळा बहुधा तिच्याभोवतीच रचलेला असतो. ऋण पूर्णांकही सम-विषम असतात. −३ विषम आहे. वर्गसंख्यांच्या भाजकांची संख्या विषम असते, इतर धन पूर्णांकांच्या भाजकांची सम असते. म्हणून भाजक मोजण्याच्या प्रश्नात ४, ९, १६ यांच्यापैकी एक तरी तपासावी.

भागाकारात उरणाऱ्या बाकीवरच्या प्रश्नांत यादी सर्वांत लहान संख्येपासून सुरू करावी. ‘न ला ७ ने भागल्यास बाकी ३ उरते’ म्हटले की यादी १० पासून सुरू करणारे अनेक असतात. ती ३ पासून सुरू होते, कारण भागाकार शून्य असू शकतो.

या टप्प्यावर एक फुकटची पडताळणी उपलब्ध आहे. नीट रचलेल्या प्रश्नात दोन विधाने एकमेकांना खोटे पाडत नाहीत, कारण दोन्ही एकाच परिस्थितीबद्दलची खरी माहिती देत असतात. म्हणून पहिल्या विधानावरून ‘निश्चित हो’ आणि दुसऱ्यावरून ‘निश्चित नाही’ असे निघाले, किंवा एकातून क्ष = ४ आणि दुसऱ्यातून क्ष = ७ असे आले, तर आपल्याच कामात कोठेतरी चूक आहे असे समजून परत फिरावे.

आठवी तपासणी: सगळ्या संख्या एकच उत्तर देत असतील तेव्हा

हा सर्वांत अवघड भाग आहे आणि चांगले विद्यार्थी येथे अडतात. दोन संख्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली की विधान अपुरे आहे हे कायमचे सिद्ध होते. पण दहा संख्यांनी एकच उत्तर दिले म्हणून विधान पुरेसे आहे हे सिद्ध होत नाही. न² − न + ४१ ही राशी यासाठी प्रसिद्ध आहे. गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात दाखवले की न च्या जागी १ ते ४० पर्यंतची कोणतीही संख्या ठेवली तरी मूळ संख्याच मिळते; आणि न = ४१ घेतल्यावर मात्र ४१ × ४१ मिळतो, जो उघडच मूळ नाही. सलग चाळीस ‘हो’ आणि मग ‘नाही’. परीक्षेतले प्रश्न इतके खोडकर नसतात, पण यामागचे तत्त्व त्यांनाही लागू आहे.

म्हणून वेगवेगळ्या प्रकारच्या चार-पाच संख्यांनी एकच उत्तर दिले की संख्या ठेवणे थांबवावे आणि ‘असे का होत असावे’ हा प्रश्न विचारावा. कारण बहुधा तीनांपैकी एक निघते. एक तर शक्यता मोजक्याच असतात आणि त्या सगळ्या तपासून झालेल्या असतात, जसे वह्या-पेनांच्या उदाहरणात झाले. किंवा सात जागांप्रमाणे सर्व पट्ट्या आणि सीमा झाकल्या गेलेल्या असतात. नाहीतर अवयव पाडणे, सम-विषमाचा नियम, चिन्हांचा नियम असे एखादे ओळीभराचे कारण सापडते: न² + न नेहमी सम असते, कारण ते न × (न + १) आहे आणि लागोपाठच्या दोन पूर्णांकांपैकी एक समच असतो. यांपैकी एकही कारण सापडले नाही, तर ‘पुरेसे’ हा निष्कर्ष तात्पुरता समजावा. जीमॅटच्या या विभागात संगणकाच्या पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, आणि माझ्या मते या पायरीवर तो अपायकारक ठरतो, कारण संख्या ठेवणे स्वस्त झाले की विचार करण्याची वेळ पुढे ढकलली जाते.

कोठे थांबावे आणि कोणाला विचारावे

परीक्षेच्या खोलीत थांबण्याचा नियम साधा आहे. प्रत्येक विधानासाठी वेगवेगळ्या प्रकारच्या चार-पाच संख्या झाल्या आणि ओळीभराचे कारणही मिळाले नाही, तर दोन मिनिटांच्या आसपास निर्णय घ्यायचा. जीमॅटमध्ये प्रश्न मोकळा सोडून पुढे जाता येत नाही, त्यामुळे निश्चित झालेल्या विधानाच्या आधारे पर्याय कमी करून एक निवडावा. पहिले विधान नक्की अपुरे आहे एवढे कळले तरी पाचांपैकी दोन पर्याय गळतात. सीसॅटमध्ये दोनच पर्याय उरले असतील तर खूण करणे हिशेबात बसते, चारही उभे असतील तर प्रश्न सोडून देणे बरे.

घरी सराव करताना पुढील परिस्थितीत स्वतःच्या प्रयत्नांना विराम देऊन जाणत्या शिक्षकाकडे जावे. पहिली परिस्थिती, ‘बीजगणित अडले’ हा शेरा सर्वाधिक येत असेल. अशा वेळी डेटा सफिशियन्सीची युक्ती शिकवणारा नको, तर नववी-दहावीचे अवयव, असमानता आणि घातांकांचे नियम शांतपणे पुन्हा करून घेणारा शिक्षक हवा. शाळेत शिकवणारे कोणीही हे काम महागड्या वर्गांपेक्षा चांगले करू शकतात. दुसरी, परवानगीची ओळ आणि दोन रकाने तीन आठवडे नेमाने लिहूनही ‘प्रकार राहिला’ हाच शेरा तितक्याच वेळा येत असेल. याचा अर्थ आपल्याला स्वतःचे गृहीतक दिसत नाही, आणि ते पाहण्यासाठी शेजारी बसून आपण प्रश्न सोडवताना निरीक्षण करणारा दुसरा माणूस लागतो. तिसरी, वेळ न लावता सगळे बरोबर येते आणि घड्याळ लावताच कोसळते. येथे गणिताच्या शिक्षकापेक्षा परीक्षेच्या वेळेचे नियोजन करून घेणारा मार्गदर्शक उपयोगी पडतो, आणि घाबरल्यामुळे झोप किंवा जेवण बिघडत असेल तर समुपदेशकाला भेटण्यात संकोच करू नये. चौथी, ‘प्रश्नच वेगळा वाचला’ हा शेरा वारंवार येतो आणि प्रश्न इंग्रजीत असतात. तेव्हा ‘किमान’, ‘कमाल’, ‘ऋण नसलेली’ अशा अटींची इंग्रजी रूपे कोणाकडून तरी एकदा नीट समजून घ्यावीत, कारण येथे अडचण भाषेची आहे आणि गणिताच्या सरावाने ती सुटणार नाही.

उत्तरसूचीच चुकली आहे असे वाटल्यास प्रश्न कोठून आला ते पाहावे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत संचातला असेल तर दोष आपल्या कामात असण्याचीच शक्यता मोठी, आणि तो प्रश्न शिक्षकांना दाखवावा. कोठून आला याचा पत्ता नसलेला प्रश्न असेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नये.

शिक्षकांकडे जाताना स्वच्छ लिहून काढलेली उत्तरे नेऊ नयेत. चुकलेल्या आठ-दहा प्रश्नांची मूळ कच्ची पाने, खाडाखोडीसह आणि त्यांवरील शेऱ्यांसह न्यावीत. कोणत्या संख्या घेतल्या, कोणत्या क्रमाने घेतल्या आणि कोठे थांबलात हे त्यांना तेथेच दिसते.